डेकनच्या नावाच्या सहा कांड्या

वेस्टबी, विस्कॉन्सिन
११ एप्रिल

हॅल्वर,

तुझा फोन लागतो, फक्त तू उचलत नाहीस, हे कळायला मला तीन वर्षं लागली. मार्नी म्हणाली, "कागदावर लिही. फोन कट करता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं." म्हणून हे पत्र तुझ्या जहाजाच्या नावाने डेट्रॉइटला धाडतोय. तिथे टपालाची होडी तुमच्या चालत्या जहाजाला येऊन भिडते आणि पत्रं बादलीतून वर ओढून घेतात, असं बाबा सांगायचे. खरं असेल तर मी बादलीत बसून तुझ्याकडे येतोय.

बाबांना पुरलं त्या दिवशी आपण चर्चच्या तळघरात कॉफीचे कप धरून शेजारी उभे होतो. बोललो काय, तर "यंदा बर्फ लवकर वितळलं." बायका आपल्याकडे बघत होत्या. त्यानंतर काहीच नाही.

माझं बरं चाललंय, आणि हे उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. आधीची दोन वर्षं मी माणसांत नव्हतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडलेलं. नायट्रोजनची टाकी ट्रकमध्ये चढवताना धाप लागायची. मार्नीवर उगाच खेकसायचो आणि मग ट्रकमध्ये जाऊन बसून राहायचो, काच वर करून. शेवटी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन ऐंशीच्या म्हाताऱ्याला शोभेल इतकं निघालं. कारण तुला वेगळं सांगायला नको. बाबांच्या त्या वळूने, डेकनने, मला गव्हाणीला दाबलं तेव्हा डॉक्टरांनी दोनातला एक काढूनच टाकला. उरलेल्या एकाने एकोणीस वर्षं दोघांचं काम ओढलं, आता तोही थकला. ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी मांडीत त्या टेस्टोस्टेरॉनची सुई टोचून घेतो. महिन्याभरात माणसात आलो. मार्नीला विचार, गेल्या आठवड्यात मी शिट्टी वाजवत भांडी घासत होतो.

आता एक गोष्ट आहे. या सुया चालू असताना मूल होत नाही. बाहेरून तयार माल येतोय म्हटल्यावर शरीर आपला कारखाना बंद करतं. मार्नी छत्तीस वर्षांची आहे, तिला मूल हवंय, मलाही हवंय. पण घाबरण्यासारखं काही नाही, मी आधीच सोय करून ठेवलीय. सुया देणाऱ्या डॉक्टरशी पडद्यावर नऊ मिनिटं बोलणं झालं. तो म्हणाला, "मुलं हवी असतील तर आधी वीर्य गोठवून ठेवा. बँका असतात त्याच्या." मी म्हणालो, ठेवतो.

हॅल्वर, वळूंच्या केंद्रात मी बारा वर्षं काम करतोय. आठवड्याला हजारोंनी कांड्या, वीर्याच्या त्या बारीक नळ्या, गोठवतो. या जिल्ह्यातल्या अर्ध्या कालवडी माझ्या हातून आल्यात. मी काय दोन तास गाडी हाकून जाऊ आणि एखाद्या पोरीच्या हातून प्लास्टिकचा पेला घेऊ? सुया सुरू करायच्या आधी एका रविवारी केंद्रात कुणी नव्हतं, तेव्हा काम उरकून टाकलं. सहा कांड्या झाल्या. माझ्या ट्रकमधल्या टाकीत आहेत, तळाशी. छापायच्या यंत्रात वळूचं नाव घातल्याशिवाय कांडी पुढे सरकत नाही, म्हणून मी 'डेकन' घातलं. तू हसशील असं वाटलं. मग वाटलं, नाही हसणार.

पुढच्या आठवड्यात मॅडिसनला डॉक्टरकडे जायचंय. तुझी तब्येत कशी आहे? सहज विचारतोय. त्यांच्या फॉर्मात भावाच्या तब्येतीचा एक रकाना आहे.

मार्नीने आईच्या पद्धतीने बटाट्याच्या पोळ्या लाटल्यात, लेफ्से. पहिल्या चार जळल्या, पण आईच्याही जळायच्या.

आर्लेन

वेस्टबी
२४ एप्रिल

हॅल्वर,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहितोय. कुणाला तरी सांगायला हवं, आणि केंद्रातल्या पोरांना सांगितलं तर ती वर्षभर माझ्या डब्यावर 'डेकन' लिहितील.

लहान टाकी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. मार्नी म्हणाली, "पोर व्हायच्या आधीच मागची सीट भरली." आम्ही दोघं हसत गेलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण येताना कुणी हसत नव्हतं.

डॉक्टर पेल्की पन्नाशीच्या आहेत. केस आखूड, बोलायला फटकळ. टाकीकडे बोट करून म्हणाल्या, "यात काय आहे?"

"मी."

"कुणी गोठवलं?"

"मीच."

"कशात?"

"अंड्याचा बलक, ग्लिसरॉल. नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं?"

"वळूंचं."

त्यांनी चष्मा काढला. "मिस्टर ट्वाइट, तुम्ही वळू आहात का?"

"घरी तरी तसं काही जाणवलं नाही," मार्नी म्हणाली. डॉक्टर खो खो हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

मग त्या नीट बोलल्या. माणसांच्या प्रयोगशाळेत या कांड्या घेताच येत नाहीत. गोठवण्याआधी रक्ताच्या तपासण्या नाहीत, एकाच टाकीत वळूंच्या कांड्यांना चिकटून ठेवलेल्या, द्रव भलताच. मी म्हणालो, नियम असतात, समजतं मला, पण कांडी चांगली असेल तर? त्या म्हणाल्या, "पातळ किती केलं होतं?"

वळू एका वेळी इतकं देतो की त्याच्या तीनतीनशे कांड्या होतात. म्हणून आम्ही ते भरपूर पातळ करतो. त्या रविवारी माझा हात सवयीने चालला. वळूच्या मापाने ओतलं, सहा कांड्या भरल्या आणि उरलेलं सिंकमध्ये ओतून दिलं. गाईला एक पुरते, मार्नीला सहा लागायच्या नाहीत, असं माझं डोकं. एखाद्या वळूला कुणी माझ्यासारखं टेस्टोस्टेरॉन टोचलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. स्वतःच्या वेळी मात्र अक्कल गहाण टाकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी माझ्या समाधानासाठी एक कांडी वितळवून बघितली. हलणारं एकही नाही. मग मी त्यांच्याच पेल्यात ताजं दिलं, त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या पोरीच्या हातून पेला घेऊन. त्यातही शून्य. त्यांनी ते यंत्रात फिरवून गाळ खाली बसवला आणि दुसऱ्यांदा बघितलं. शून्यच.

"सुया आज बंद," त्या म्हणाल्या. त्याऐवजी आता वेगळं इंजेक्शन आहे, आठवड्यातून तीनदा, सोबत एक गोळी. हे बाहेरून माल देत नाही, बंद पडलेल्या कारखान्यालाच हाका मारतं. मी विचारलं, "उठेल?"

"सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. साधारणपणे उठतो. पण तुमच्याकडे एकच आहे आणि तोही दुखावलेला. मी शब्द देणार नाही."

"आणि माझ्याकडे किती वेळ आहे?" मार्नीने विचारलं.

"वेळ आहे. पण वाया घालवण्याइतका नाही."

येताना मार्नीने चीजचे तुकडे घेतले, ताजे, दाताखाली करकरणारे. घरी पोचेपर्यंत पिशवी तिच्या मांडीवर तशीच होती. दारात उतरताना ती म्हणाली, "तू रोज शंभर कांड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतोस. त्या दिवशी स्वतःची एक नाही बघितलीस?"

मी म्हणालो, घाईत होतो.

आर्लेन

वेस्टबी
१९ जून

हॅल्वर,

घाईत नव्हतो. तो रविवार होता, दुपारभर मला कुठेही जायचं नव्हतं. सूक्ष्मदर्शक हाताच्या अंतरावर होता. मला भीती वाटली, म्हणून बघितलं नाही. न बघता गोठवलं म्हणजे आत काहीतरी आहे असं धरून चालता येतं. मार्नीला हे अजून सांगितलेलं नाही, तुला सांगतोय. तू उत्तर देत नाहीस, त्यामुळे तुला सांगणं सोपं जातं.

परवा मात्र बघितलं. केंद्रात, जेवणाच्या सुट्टीत, दार लावून. एरवी त्या काचेखाली वळूचा थेंब ठेवला की नुसती झुंबड उडालेली दिसते, काळ्या ढगांसारखं सगळं घुसळत असतं. माझ्या थेंबात काही नव्हतं. मी काच इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत राहिलो. एकदा काहीतरी हललं. माझाच धक्का काचेला लागला होता.

थकवा परत आलाय. काल जेनसनच्या गोठ्यात एका गाईपाशी उभा होतो आणि ही माजावर आली म्हणून बोलावलंय की गाभण आहे का बघायला, हे आठवेना. म्हातारा जेनसन म्हणाला, "काय रे, बायकोने झोपू दिलं नाही वाटतं?" मी म्हणालो, "हो ना." आणि ट्रकमध्ये जाऊन बसलो. सुयांची शेवटची बाटली न्हाणीघराच्या कपाटात आहे. रोज दात घासताना ती दिसते. एक सुई घेतली तर दोन दिवसांत मी माणसात येईन. ती बाटली फेकून दे, असं मी मार्नीला सांगत नाही, आणि तीही फेकत नाही. माझी परीक्षा बघते की माझ्यावर विश्वास टाकते, कोण जाणे.

आता मुद्द्यावर येतो. तीन पत्रं झाली, नमनालाच घडाभर तेल गेलं.

डॉक्टर पेल्कींनी आम्हाला एक यादी दिली. ज्यांनी आपलं वीर्य दिलंय अशा परक्या पुरुषांची. उंची, डोळ्यांचा रंग, आजोबा कशाने गेले, गाणं येतं का. आमच्या वळूंच्या पुस्तकात आणि त्यात फरक एवढाच की आमच्या पुस्तकात फोटो मागून काढलेले असतात. मार्नीने चार पानं उलटली आणि यादी माझ्याकडे सरकवली. "मला पुस्तकातून वासरू नकोय," म्हणाली. शुक्रवार होता, आम्ही गावात मासे खायला गेलो होतो. बाबा बसायचे त्याच टेबलापाशी. ती बटाटे चिवडत म्हणाली, "हॅल्वरला विचार."

"तो माझा फोन उचलत नाही."

"आपलं त्याच्याकडे फोन उचलण्याचं काम नाहीये."

मी पाणी पीत होतो, ते नाकातून आलं. पण ती गंमत करत नव्हती. "त्याचं नाक तुझ्यासारखं आहे," ती म्हणाली. "बाबांसारखं. मला त्या नाकाचं पोर हवंय. तुझं नाही झालं तरच. पण तो नऊ महिने पाण्यावर असतो. आत्ता विचारलंस, तरच जानेवारीत तो जमिनीवर आल्यावर जमेल."

तर विचारतो. माझं काहीच उठलं नाही, तर तू देशील का? तुला काही करावं लागणार नाही. मॅडिसनला यायचं, एक पेला. पोर आमचं असेल, तू काका. नाही म्हणालास तर मी समजून घेईन. खरं तर कसं समजून घेईन ते मला माहीत नाही, पण घेईन.

विचारलं एकदाचं. पाकीट बंद करतो, नाहीतर फाडून टाकीन.

आर्लेन

वेस्टबी
३० जुलै

हॅल्वर,

ती बादली कधी पाण्यात पडते का?

एवढंच विचारायला लिहितोय. सहा आठवडे झाले. टपालवाल्या बाईची गाडी दिसली की मी काहीतरी निमित्त काढून फाटकापाशी जातो. ती आता लांबूनच मान हलवते. मार्नी काही विचारत नाही. दुसरा रक्ताचा अहवाल आला, आकडा थोडा वर सरकलाय, पण पेल्याच्या अहवालात अजून शून्यच आहे.

नाही म्हणायचं असेल तर तसं लिही. एका शब्दाला तिकीट एकच लागतं.

आ.

वेस्टबी
१४ ऑगस्ट

हॅल्वर,

तुझं कार्ड आलं. दगडी बंदराचं चित्र असलेलं. मार्नीने ते फाटकातच उभ्याने वाचलं आणि मला हाक न मारता तशीच अंगणात खाली बसली. मला वाटलं, नाही म्हणालास. जवळ गेलो तर ती हसत होती.

तू चारच ओळी लिहिल्यास. त्या मला पाठ आहेत. "हो. जानेवारीत जहाज गोदीला लागलं की येतो. त्या दिवशी फाटकाची साखळी मी नीट लावली असती, तर तुला माझी गरजच पडली नसती. तेवढं तरी मी करायलाच हवं."

तुझे आभार कसे मानू? तुझं मन फार मोठं आहे. साखळीचं सोड आता, किती वर्षं झाली त्याला.

मार्नीने कार्ड फ्रिजवर लावलंय, चीजच्या आकाराच्या चुंबकाखाली. दूध घ्यायला गेलं की दिसतं. मक्याचं पीक यंदा चांगलं आहे. जेनसनच्या गाईला जुळं झालं, दोन्ही कालवडी, आणि म्हातारा गावभर असा मिरवतोय जसं काही त्यानेच केलं. पुढच्या महिन्यात मॅडिसनला जायचंय. माझी झोप जरा कमी झालीय, बाकी सगळं छान.

आर्लेन

वेस्टबी
२० सप्टेंबर

हॅल्वर,

आधीचं पत्र फाडून टाक. त्यातली मक्याची आणि जेनसनच्या जुळ्यांची गोष्ट तेवढी खरी आहे.

साखळी तू लावली होतीस.

तू डेकनला आत घातलंस, फाटक लोटलंस, साखळी दोनदा गुंडाळून आकडा अडकवलास. मी गवताच्या गंजीवर बसून बघत होतो. मग तू दुधाचे कॅन धुवायला गेलास. डेकन तुला कपाळावर हात ठेवू द्यायचा. बाबासुद्धा कौतुकाने म्हणायचे, "हॅल्वरचा हात वेगळाच आहे." मला तो हात हवा होता. चौदा वर्षांचा होतो, मला वाटलं, हात ठेवायचा आणि बाहेर यायचं, कुणाला कळणारही नाही. साखळी मी काढली. खिशात सफरचंद होतं. डेकनने सफरचंद घेतलं नाही. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण मला पहिल्या धडकेनंतरचं काही आठवत नाही. तू गवताचं दाताळं घेऊन आत शिरलास आणि मला पायाला धरून बाहेर ओढलंस, एवढं नंतर ऐकलं.

इस्पितळात बाबांनी विचारलं, "फाटकापाशी शेवटी कोण होतं?"

मी म्हणालो, "हॅल्वर."

एवढंच. एक शब्द. मला वाटलं होतं, बरं वाटलं की सांगेन. मग घरी आलो आणि बघितलं, बाबा तुला ओरडले नव्हते. ते फक्त रोज संध्याकाळी म्हणायचे, "फाटक मी बघतो, तू राहू दे." ओरडले असते तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. ते खोटं आहे. ओरडले असते तरी मी गप्पच बसलो असतो. नोव्हेंबरात तू निघून गेलास.

मला कधीच कळलं नाही ते हे, की तू भांडला का नाहीस. "मी साखळी लावली होती" असं एकदाही का म्हणाला नाहीस. आता तुझं कार्ड वाचून कळलं. तू रोज दोनदा, शेकडो वेळा ती साखळी लावलीस. त्यातली एक वेळ वेगळी आठवणार कशी? बाबा म्हणाले आणि तू विश्वास ठेवलास.

म्हणून तुझा होकार मी परत करतोय. तो तू दुसऱ्याच गोष्टीसाठी दिलास. सफरचंद माझ्या खिशात होतं, आणि त्याच्यासाठी मी तुझ्याकडून पोर घेऊ शकत नाही. पोराचं नाक बघितलं की मला रोज ते इस्पितळ आठवेल.

हे आधी मार्नीला सांगितलं. त्या रविवारी सूक्ष्मदर्शकात का बघितलं नाही, तेही सांगून टाकलं. तिने फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि खणात ठेवलं. दोन दिवस ती कामापुरतंच बोलायची. "मीठ." "चावी." तिसऱ्या दिवशी मी तोवर लिहिलेलं हे पत्र आणि पाकीट टेबलावर ठेवून गोठ्यांच्या फेरीवर गेलो. आलो तेव्हा पाकिटावर तिकीट लावलेलं होतं.

"पाठव," ती म्हणाली. "मला मूल हवंय आर्लेन. इतकं हवंय की तू गप्प बसला असतास तर बरं झालं असतं, असं दोन दिवस वाटत होतं. पण त्या साखळीला बांधलेलं मूल नको."

मग ती रडली. मीही. न्हाणीघरातली ती बाटली तिनेच फेकली.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. ते तुझ्यावर सोडतो.

आर्लेन

वेस्टबी
८ डिसेंबर

हॅल्वर,

तुझा फोन आला तेव्हा पडद्यावर जहाजाचा कुठलातरी नंबर होता, मी ओळखलंच नाही. मला वाटलं कुणीतरी विमा विकतंय. पहिल्यांदा तर नुसता इंजिनाचा आवाज येत होता. मग तू म्हणालास, "जहाजावर मी प्रत्येक झाकण तीनदा तपासतो. पोरं मला 'तीनदा' म्हणूनच हाक मारतात. कप्तान म्हणतो, असा माणूस मिळत नाही." पुढे तू म्हणालास, "एकोणीस वर्षं, आर्लेन." आणि ठेवलास.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते सांगत नाही. मार्नीला विचार.

मग दुसरं कार्ड आलं. तेही मला पाठ आहे, जरा लांबलचक असूनही. "आता उत्तर नाही असं आहे. पहिल्यांदा हो म्हणालो ते भरपाई म्हणून. भरपाई नसेल तर मला ते करायचं नाही, मला कुणाचाही बाप व्हायचं नाही, लांबूनसुद्धा नाही. मार्नीला सांग, तिच्यावर राग नाही. जानेवारीत मात्र येतो. तुझ्या एक कानाखाली वाजवायची आहे, ती पोस्टाने पाठवता येत नाही. लेफ्से करून ठेवा."

मार्नी कार्ड वाचून म्हणाली, "हा माणूस मला आवडायला लागलाय." आणि ते फ्रिजवर लावलं, त्याच चुंबकाखाली.

नाही म्हणालास याचं मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा करत नाही, फार वाईट वाटलं. शेवटचा दोर होतास तू. दोन दिवस मी तुझ्यावर चिडलोही, आणि चिडायचा हक्क मला नाही हे माहीत असल्यामुळे आणखीनच चिडलो. पण हेही सांगतो. तुझ्या तोंडून इतक्या वर्षांत मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. बर्फाबद्दल नसलेलं.

आता परवाचं. मॅडिसनला गेलो. पेला दिला आणि बाहेर बाकावर बसलो. नेहमी वीस मिनिटांत बोलावतात. एक तास झाला, दीड तास झाला. मार्नी म्हणाली, "मशीन बिघडलं असेल." मी भिंतीवरच्या माशाच्या चित्राला किती खवले आहेत ते मोजत होतो. दोन तासांनी डॉक्टर पेल्की स्वतः बाहेर आल्या.

"चार," त्या म्हणाल्या.

मला कळेना चार काय. चार महिने? चार डॉक्टर?

"चार हलतायत. आमच्या पोरीने दोन तास डोळे फोडून एकेक शोधलाय. उड्या मारू नका. चार म्हणजे काहीच नाही."

"माझा एक वळू एका वेळी सहाशे कोटी देतो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"तुमच्या वळूला मार्नीची गरज नाही," त्या म्हणाल्या. "एका अंड्याला एकच लागतो, तो आम्ही सुईने आत घालतो. पण आता ते गोठवू, आणि वितळल्यावर चारातले किती जगतील ते मी सांगणार नाही. एकही जगला नाही असंही होतं. म्हणून इंजेक्शनं चालू ठेवायची, दर महिन्याला येऊन जे सापडेल ते जमा करायचं. फेब्रुवारीत मार्नीची अंडी काढू. तोवर टेस्टोस्टेरॉनच्या सुईकडे बघायचंही नाही."

म्हणजे अजून दोन महिने मी असाच धापा टाकत टाकी उचलणार, आणि प्रत्येक पेल्यापाशी जीव टांगणीला लागणार. कदाचित काहीच होणार नाही. मार्नी गाडीत म्हणाली, "नाही झालं तर नाही झालं," आणि लगेच म्हणाली, "असं मी का म्हणाले, मला अजिबात तसं वाटत नाही." मग चीजची अख्खी पिशवी तिने एकटीने संपवली.

घरी आल्यावर माझ्या टाकीच्या तळाशी उरलेल्या पाच कांड्या बाहेर काढल्या. टेबलावर ठेवल्या. थोड्या वेळात त्यांच्यावरचं बर्फ गेलं आणि 'डेकन' असं स्वच्छ वाचता यायला लागलं. मार्नीने त्या कचऱ्यात टाकल्या.

प्रयोगशाळेतल्या त्या पोरीने कांडी बंद करायच्या आधी मला काचेपाशी बोलावलं होतं. तिने नाव मोठ्याने वाचलं, जन्मतारीख वाचली, मला मोठ्याने म्हणायला लावलं, मग परत वाचलं. मी विचारलं, "किती वेळा तपासता?"

"तीनदा," ती म्हणाली.

मला तू आठवलास. आर्लेन ट्वाइट, असं छापलंय त्या कांडीवर.

जानेवारीत ये. कानाखाली वाजव, मी गाल धुऊन ठेवतो. वरची खोली मार्नीने झाडलीय. गोठ्याच्या फाटकाला तीच साखळी आहे, बाबांनी ती कधी बदलली नाही, मीही नाही. संध्याकाळी ती मी लावीन. मी लावली असं तुला सांगेन, आणि तू उठून तपासायला जाऊ नकोस.

आर्लेन